उशीवरचे दोन थेंब आणि काकूंची बीपीची गोळी

‘डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत!!’ असा सुरू होणारा मेसेज महिनाभर नाशिकच्या सोसायटी ग्रुपांवर फिरतोय. म्हणणं असं: लॅव्हेंडर तेलाचे दोन थेंब उशीवर, दोन जिभेखाली. टेन्शन, निद्रानाश, बीपी 21 दिवसांत मुळापासून गायब, गोळ्या बंद. तेल शंभर टक्के नैसर्गिक, म्हणून साइड इफेक्ट शून्य. डिफ्युझर, म्हणजे तेलाचा वास खोलीभर पसरवणारं यंत्र, लावला की घरातली हवा निर्जंतुक. कापूर-निलगिरीच्या वासाने ऑक्सिजन वाढतो. आणि हे सगळं ऋषिमुनींनी सांगून ठेवलंय.

इंदिरानगरात माझं मेडिकल आहे. असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण परवा नेहमीच्या एक काकू आल्या, फक्त बाम मागितला. म्हटलं, ‘काकू, बीपीची पट्टी नेली नाहीत या महिन्यात?’ ‘अरे, आता लागतच नाही ती. झोप काय छान लागते म्हणून सांगू!’ आणि पिशवीतून बाटली काढून दाखवली, गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातली, 90 रुपयांची. बारा दिवस गोळी बंद होती. काउंटरच्या मशीनवर 172/104. दहा मिनिटं स्टुलावर बसवून पुन्हा घेतलं, 168/102. तशाच त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवल्या.

आता झोप छान लागते हे त्या खोटं सांगत नव्हत्या. वासाचा मेंदूशी संबंध जवळचा आहे. बाकीच्या संवेदनांना वाटेत जो थांबा लागतो तो टाळून गंध भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत थेट पोचतो. म्हणून तर मोगऱ्याच्या गजऱ्याने एखादीला माहेरचं अंगण आठवतं. दाताच्या उपचारांच्या किंवा ऑपरेशनच्या आधी लॅव्हेंडर हुंगवल्यावर धास्ती थोडी कमी झाल्याचे छोटे अभ्यासही आहेत. त्यांची अडचण एकच, वास लपवता येत नाही. आपल्याला काय दिलंय ते माणसाला कळतंच, मग गुण तेलाचा किती आणि मनाचा किती? शिवाय उशीवर थेंब टाकणारा माणूस त्या रात्री मोबाईल बाजूला ठेवून दिवा मालवतो, त्याचंही श्रेय बाटलीलाच जातं. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची 80 मिलिग्रॅमची कॅप्सूल अस्वस्थतेवर देतात आणि तिचे निकाल बरे आहेत, पण मोजून-मापून बनवलेली कॅप्सूल वेगळी आणि बाजारातल्या बाटलीतले थेंब जिभेखाली घेणं वेगळं.

बीपीचं म्हणाल तर ते वाढलेलं बहुतेकांना जाणवतच नाही. त्यामुळे ‘बरं वाटतंय’ हा बीपी उतरल्याचा पुरावा धरताच येत नाही. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य ‘गोळ्या बंद’ हेच आहे. बाकीचं एक वेळ चालवून घेतलं असतं.

नाही, ‘नैसर्गिक’ही चालवून घेणार नाही. बिब्ब्याचं तेलही शंभर टक्के नैसर्गिकच असतं. ज्याच्या अंगावर बिब्बा उतलाय त्याला विचारा. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात, यावरून थेंबभर तेलात काय काय दाटलेलं असतं ते समजावं. कापूर किंवा निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात, आणि त्याला वाटीभर लागत नाही, चमचाभरही पुष्कळ. बर्गमोटचं, म्हणजे लिंबाच्या जातीतल्या एका फळाचं, तेल लावून नाशिकच्या मे महिन्यातल्या उन्हात फिरलात तर कातडी भाजल्यासारखी होईल. मांजराचं यकृत ही तेलं नीट पचवू शकत नाही, तेव्हा मनी असलेल्या घरांनी जास्तच जपावं.

हवा निर्जंतुक? 2021 मध्ये अमेरिकेत चार जणांना मेलिऑइडोसिस हा जंतूंमुळे होणारा गंभीर आजार झाला, दोघं दगावले. जंतू सापडला तो लॅव्हेंडर-कॅमोमाइलच्या सुगंधी रूम स्प्रेच्या बाटलीत, आणि तो स्प्रे भारतात बनलेला होता. प्रयोगशाळेतल्या बशीत तेल जंतूंवर ओतलं तर बरेचसे मरतात, पण हॉलमधल्या हवेत पसरलेल्या वासाकडून ती अपेक्षा नको. दम्याच्या माणसाला मात्र तोच वास पुरतो, धाप लागायला.

ऑक्सिजनबद्दल या शहरात तरी थट्टा नको. एप्रिल 2021 मध्ये, कोविडच्या लाटेत, रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून इथे रुग्ण दगावले ते आपण पाहिलंय. त्याच दिवसांत कापूर-लवंग-ओव्याच्या पुरचुंड्या हुंगत लोक दवाखान्यात जायचं लांबवत होते. कापूर, निलगिरी, मेन्थॉल यांनी नाकातल्या थंडाव्याच्या संवेदना चाळवतात आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. आत जाणारी हवा तेवढीच राहते. जानेवारीत पारा घसरला की तान्ह्याच्या छातीला कापूर चोळायची जी चाल आहे, तीही सोडा.

राहिले ऋषिमुनी. ‘अरोमाथेरपी’, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, हा शब्द गॅटफॉसे नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा, 1937 च्या पुस्तकातला. लॅव्हेंडर भूमध्य समुद्राकडचं. आपल्याकडे जम्मूतल्या भद्रवाहला पिकतं तेही अलीकडचं. आपली गंधपरंपरा थोर आहेच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा अख्खा अध्याय आहे, सुगंधी द्रव्यं कशी मिसळावीत याचा. त्यात बीपीवरचा उतारा घुसडू नये.

काकूंच्या बाटलीतला एक थेंब मी जुन्या बिलाच्या मागे टाकला होता. खरं लॅव्हेंडर उडून जातं, डाग जवळजवळ राहत नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना बघितलं तर रुपयाएवढं तेलकट वर्तुळ तसंच होतं. लेबलावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नव्हतं, बॅच नंबरही नव्हता.

चार दिवसांनी काकू आल्या, पट्टी घेतली. ‘मग बाटली टाकून देऊ का रे?’ म्हटलं, ही द्या टाकून. आवडच असेल तर चांगली आणा, रुमालावर एक थेंब पुरे. अंगाला लावायचं तर 30 मिलिलिटर खोबरेल तेलात जास्तीत जास्त 12 थेंब, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा. ठेवायची नातवाचा हात पोचणार नाही अशा फळीवर. त्याने तोंडात घातलीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, बाटली बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना गाठा.