‘डेटाबेस आपल्यासाठी नाहीत’ असं पोरांना सांगू नका

कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘रिसर्च पेपरसाठी लायब्ररीत कशाला जाता? डेटाबेसला पैसे लागतात, ते पुण्या-मुंबईच्या पोरांचं काम. गूगल करा, नाहीतर एआयकडून संदर्भ घ्या.’ डेटाबेस म्हणजे संशोधनाचे लेख शोधायचा आणि वाचायचा ऑनलाइन संग्रह. मराठवाड्यातल्या पोरांचं या मेसेजनं खरंच नुकसान होतंय, म्हणून लिहितोय.

आधी पैशांचं. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठं-कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठी काम करणारं केंद्र. ऑनलाइन जर्नल्स (संशोधनाची नियतकालिकं) आणि पुस्तकं वाचायला देणारी त्याची ‘एन-लिस्ट’ योजना खास कॉलेजांसाठीच आहे. तुमचं कॉलेज सभासद असेल तर विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगिन मिळतं आणि ते अंबाजोगाईच्या भाड्याच्या खोलीतही चालतं. ग्रंथपालांना जाऊन विचारा, एवढंच. सरकारी संस्थांसाठी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ म्हणजे सगळ्यांसाठी एकच सरकारी वर्गणी सुरू झालीय: 30 प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नल्स. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या वेबसाइटवर सगळ्यांना मोफत वाचता येतात.

‘गूगलवर सगळं मिळतं’ हे अर्धंच खरं. गूगल स्कॉलर, म्हणजे संशोधनाचे लेख शोधायचं गूगल, मीही वापरतो. पण तिथं लेखाचं नाव दिसतं, क्लिक केलं की डॉलरमध्ये पैसे मागतात आणि पोरगं तिथंच नाद सोडतं. तोच लेख कॉलेजच्या लॉगिननं उघडू शकतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

डेटाबेसमध्ये शोधणं अवघड आहे म्हणे. एक विद्यार्थिनी शहरातल्या पाणीटंचाईवर लिहीत होती. तिनं इंग्रजीत ‘छत्रपती संभाजीनगर’ टाकलं, हाती फारसं काही लागलं नाही. साहजिक आहे, जुने लेख ‘औरंगाबाद’ नावानं आहेत. मग दोन्ही नावं अवतरणचिन्हांत घालून मध्ये ‘ऑर’ (OR, दोन्हीपैकी कुठलंही चालेल) टाकलं, तर बिहारच्या औरंगाबादचे लेखही आले. शेवटी ‘नॉट बिहार’ (NOT, बिहार असलेले लेख वगळा) जोडलं, ‘अँड’ (AND, हा शब्दही हवाच) लावून पाण्याचा शब्द घातला, तेव्हा यादी कामाची झाली. धाराशिववर काम करताना ‘उस्मानाबाद’ विसरू नका. बीडचं तर इंग्रजी स्पेलिंगच दोन-तीन तऱ्हांनी सापडतं. हे बारकावे आपल्या पोरांना चांगले कळतात, गाव त्यांचं आहे!

राहिलं एआय. ते संदर्भ रचूनही देतं: लेखकाचं नाव, वर्ष, जर्नल, सगळं अगदी खऱ्यासारखं. लेख मात्र अस्तित्वातच नसतो. म्हणून मिळालेलं प्रत्येक शीर्षक अवतरणचिन्हांत घालून डेटाबेसमध्ये शोधा. लेख सापडला नाही, वाचला नाही, तर तो संदर्भयादीत घालू नका.

मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल, तर त्याखाली एन-लिस्टचं नाव तेवढं लिहा.