विस्थापित कुटुंबे: शून्य

घातक प्रकल्पाचा पर्यावरण आघात अहवाल लिहायचं काम मिळालंय? अभिनंदन. धूर, धूळ, पाणी यंत्रं मोजतील. तुमचा कस लागतो तो 'सामाजिक परिणाम' या प्रकरणात. घाबरू नका, जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा कित्ता गिरवा.

आधी जमीन 'पडीक' लिहून टाका. तिथल्या माडबन गावच्या सड्यावर (कातळी पठारावर) कुणी कातळ फोडून हापूस लावला असेल, पावसाळ्यात गुरं चरत असतील; तुम्ही पाहणीला भर उन्हाळ्यात जा आणि गाडीची काच खाली करू नका. पाच गावांची ९३८ हेक्टर जमीन घेतानाही घरं तेवढी चुकवायची, म्हणजे विस्थापितांच्या रकान्यात शून्य भरता येतं. शून्याच्या पुनर्वसनाला खर्च नाही.

मच्छीमारांचं तर त्याहून सोपं. शेजारच्या साखरी नाटे गावाची वस्ती समुद्रावर जगते, पण समुद्राचा सातबारा निघत नाही. सातबारा नाही म्हणजे प्रकल्पग्रस्त नाही. अणुभट्ट्यांचं गरम पाणी समुद्रात जाणार, हे खरं. पण तापमानात ५ अंशांहून जास्त फरक नको, अशी पर्यावरण मंजुरीतच अट होती. बांगड्याने ती वाचली असेल असं गृहीत धरा. बर्फवाला, जाळी दुरुस्त करणारा, पाटी घेऊन दारोदार फिरणारी मासेवाली, या सगळ्यांना 'अप्रत्यक्ष' म्हणा. (फार गुणी शब्द. लावला की माणूस दिसेनासा होतो.)

लोकांची भीती 'गैरसमज' या सदरात घाला, उपाय म्हणून 'जनजागृती' लिहा. एक मात्र सांभाळा. अभ्यासाचा परीघ सहसा १० किलोमीटरचा, आणि अणुप्रकल्पाच्या आपत्कालीन आराखड्याचा जुन्या नियमाने १६ चा. ही दोन वर्तुळं एकाच नकाशावर काढू नका. मधल्या सहा किलोमीटरांतला एखादा विचारायचा, "माझ्यावर परिणामच नाही, तर मी पळायचं कशाला?"

जनसुनावणी मे महिन्यात ठेवावी. इथली १६ मे २०१० ला झाली. तेव्हा बागायतदार आंब्याच्या पेट्या भरत असतो आणि मच्छीमार पावसाळी बंदीआधीच्या फेऱ्या उरकत असतो. कायद्याने मराठी सारांश द्यावा लागतो, तो द्या. फक्त असा लिहा की वाचणाऱ्याला इंग्रजी बरं वाटावं.

तरी गाव अडलंच तर दर वाढतो. २०१३ मध्ये हेक्टरी २२.५ लाख जाहीर झाले. कोकणातला सातबारा सामायिक. मुंबईच्या भावाने चेक घ्यायचा म्हटलं, गावच्याने नाही म्हटलं, की शिमग्याची पालखी कुणाच्या अंगणात नाचवायची यावरून गावई (गावकी) फुटते. याची नोंद नको, ती कौटुंबिक बाब.

१८ एप्रिल २०११ ला नाटे गावात पोलिसांच्या गोळीने आंदोलनातला एक मच्छीमार गेला. पर्यावरण मंजुरी त्याआधीच, २८ नोव्हेंबर २०१० ला जाहीर झाली होती. त्यामुळे तोही तुमच्या शून्यात बसतो. बिल लावून टाका.