फेरी बंद, तर चालू

आज सकाळी आईला तिच्या माहेरी घेऊन निघालो होतो. खाडीच्या धक्क्यावर पोहोचलो, तेव्हा तिकिटाच्या खिडकीत कोणी नव्हते आणि शेजारच्या फळ्यावर खडूने दोनच शब्द लिहिले होते : ‘फेरी बंद’. आई गाडीतूनच म्हणाली, “फेरी बंद असेल रे, तर चालू असेल.” तिचे वय ८१, वर उन्हाचा ताप, वाक्य अर्ध्यातच हरवले असावे असे समजून मी गाडी वळवली आणि पुलावरून अडीच तासांचा वळसा घातला. मामाच्या अंगणात उतरल्यावर कळले की ओहोटीमुळे अकराची एक खेप तेवढी रद्द झाली होती आणि त्यानंतरची बोट वेळेवर सुटली होती.

म्हणजे आईने फळा बरोबर वाचला होता. तिच्या मराठीत फेरी म्हणजे खेप, आणि खाडी उतरवून देणारी होडी म्हणजे ‘तर’. तरणे, तारू, उतारू ही सगळी त्याच घरातली माणसे. माझ्या कानाने मात्र तिच्या ‘तर’ला जर-तरमधला ‘तर’ केले, कारण तरीने जाणे हा शब्दप्रयोग मी कधीच टाकून दिला होता.

इंग्रजांची फेरी आणि आपली फेरी यांचा उच्चार जुळला, एवढ्यावरून आपण दोन्ही एकाच खुंटीला टांगल्या. त्यांच्या फेरीचे काम पैलतीरी पोहोचवण्याचे आहे, पुढे तुम्ही परत या किंवा येऊ नका. आपली फेरी फिरण्यातून आलेली. प्रभातफेरी निघते तिथेच परत येते आणि फेरीवाला संध्याकाळी घरी जातो. दाभोळ–धोपावे असो की वेश्वी–बागमांडला, ‘शेवटची फेरी किती वाजता’ असे विचारताना आपण कोणता शब्द वापरतो, याचा विचार कोणी करतो का? गोव्यात मांडवीवर निदान ‘फेरीबोट’ म्हणतात. त्या ‘बोट’ या शेपटाने केवढा घोळ टळतो! आमच्या फळ्यावर खडू तेवढा महाग झाला होता काय?

‘तर’ हा शब्दही गोंधळाचाच आहे, हे मान्य. त्याचे ‘तरीने’ केले की निम्म्या लोकांना मिसळ आठवेल. पण म्हणून तो मोडीत काढायचा आणि त्याच्या जागी तेवढाच गोंधळाचा परका शब्द आणून बसवायचा, याला काय म्हणावे?

खरे तर राग फळ्यावर काढतो आहे, आणि तो यायला हवा माझा मला. वळशाच्या त्या अडीच तासांत आई एकदाही “मी सांगितले होते” असे म्हणाली नाही. लहानपणी पैलतीरावरून हाक मारली की तरीवाला कसा होडी घेऊन यायचा, हे ती सांगत होती आणि मी रस्त्यातले खड्डे मोजत होतो.

संध्याकाळी बोटीनेच परतलो. खिडकीत मी दोन माणसे आणि एक गाडी असे सांगितले, तेव्हा आतल्या मुलाने विचारले, “ह्या फेरीने जाणार का?” मी उत्तर देण्याआधी आईकडे पाहिले.