प्रभूची शिकवण कामाच्या दिवसांसाठीच आहे

नाशिकच्या ख्रिस्ती घरांत सध्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. डोंगरावरचं प्रवचन, म्हणजे बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकातली येशूची शिकवण, साधुसंतांसाठी आहे, नोकरी-धंदा करणाऱ्याने ते पाळलं तर लोक त्याला लुबाडतील, म्हणून रविवारी उपासनेला जावं आणि बाकी आठवडा जगरहाटीने चालावं, असं त्यात म्हटलं आहे. आपली तरुण मुलं हे खरं मानून पुढे पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यातला पहिला मुद्दा: 'दुसरा गाल पुढे कर, म्हणजे अन्याय मुकाट सोस.' मग बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाचं काय करायचं? चौकशी चालू असताना शिपायाने येशूला चपराक मारली. येशूने हात उगारला नाही, पण तो गप्पही बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस, असं त्याने तोंडावर विचारलं. सूड घ्यायचा नाही, जाब मात्र विचारायचा. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला गालाचं वचन ऐकवून परत धाडणाऱ्यांनी हा अध्याय आधी वाचावा.

'उद्याची चिंता करू नका, म्हणजे बचत नको.' बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा, हेही येशूच सांगतो, लूकच्या चौदाव्या अध्यायात.

'दोष काढू नका, म्हणजे कोणाची चूक दाखवू नका.' ते वचन तिथे संपत नाही. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. कसं, तेही मत्तय अठरामध्ये आहे: आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोल. आपण आधी चर्चच्या आवारात चर्चा करतो आणि त्या माणसाशी अबोला धरतो.

'धंद्यात बायबल आणू नये', हा मुद्दा द्राक्षांच्या जिल्ह्यात तरी कोणी मांडू नये. मत्तय विसाव्या अध्यायातल्या दृष्टांतातला द्राक्षमळेवाला दिवस मावळायला तास उरला असताना आलेल्यांनाही पूर्ण रोज देतो. दृष्टांत देवाच्या कृपेचा आहे, मान्य. पण ती समजावायला प्रभूने मजुराचा रोजच निवडला. नाशिकजवळच्या गिरणारे गावच्या मजूर बाजारात पेठ-सुरगाण्याकडची माणसं कामाची वाट बघत उभी असतात. उन्हं चढेपर्यंत उभा राहिलेला आळशी नसतो, त्याला कोणी बोलावलेलं नसतं. दृष्टांतातले मजूरही हेच उत्तर देतात. छाटणी पावसाने अर्ध्यावर थांबली तर रोज कापायचा का, हा ख्रिस्ती बागायतदारासाठी बायबलचाच प्रश्न आहे. अडकवलेली मजुरी ओरडते, असं याकोब बायबलमधल्या आपल्या पत्रात लिहितो.

त्या मजकुराच्या शेवटी आव्हान आहे: असं जगलेलं कोणी दाखवा. 1854 मध्ये मिशनने वसवलेलं नाशिकचं आपलं शरणपूर बघा. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे शाळा मिळाली, हाताला सुतारकाम, लोहारकाम मिळालं. ती मुलं ना जातीची, ना भाषेची, तरी त्यांना शेजारी मानलं गेलं. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा जेकबने सोबत्यांबरोबर त्याचा देह कित्येक महिने पायी वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचवला. ना जेकब साधू होता, ना त्याला शिकवणारे.