किनाऱ्यावर भाड्याच्या सदनिका बांधणाऱ्यांस काही नम्र सूचना

दापोली तालुक्यातील मुरूड, कर्दे, आंजर्ले या पट्ट्यात पर्यटकांसाठी अद्ययावत सदनिका उभारण्याचा आपला संकल्प स्तुत्यच आहे. सायंकाळी सातनंतर येथे समुद्राखेरीज कसलाही आवाज नसतो आणि ही उणीव कोणीतरी भरून काढायलाच हवी होती.

जागा निवडताना जुने आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, पाहावे. वारसदार मुंबईत असून एकमेकांशी बोलत नसतील तर फारच उत्तम. पोफळी सरसकट तोडाव्यात, मात्र दर्शनी बाजूचे दोन माड राखावेत, कारण जाहिरातीतल्या छायाचित्राला ते लागतात. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी भागातील बांधकामांचे नियमन करणाऱ्या केंद्राच्या, 2011 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर पट्टा मोकळा ठेवण्याचे बंधन होते, ते 2019 मध्ये दाट वस्तीच्या गावांपुरते 50 मीटरवर आले. आपले गाव यांपैकी कशात मोडते, या खोलात शिरू नये. मोजणी ओहोटीच्या वेळी करावी, अंतर आपोआप भरते.

जमिनीच्या एका गटात आठच सदनिका दाखवाव्यात, म्हणजे महारेराच्या, अर्थात राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, नोंदणीची कटकट नाही. नववी शेजारच्या गटात, मेहुण्याच्या नावे.

व्यवस्थापकावर खर्च करू नये. कुलपाचा कोड विसरलेले पाहुणे मध्यरात्री शेजाऱ्यांचे दार वाजवतातच.

आता पाणी. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा पाण्याची चिंता कसली, असे ग्राहकांना बेलाशक सांगावे. जांभ्यातून ते पाणी झिरपून निघून जाते आणि चैत्र सरता सरता विहिरींचे तळ दिसू लागतात, हे सांगण्याचे कारण नाही. किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. रहाटाने किंवा लहान पंपाने बेताने उपसले तर ते पिढ्यान्‌पिढ्या पुरते. आपण मात्र बोअर मारून मोठा पंप रात्रंदिवस चालवावा, प्रत्येक खोलीला टब द्यावा, गच्चीवर तरणतलाव भरावा आणि शोषखड्डा कुंपणाला अगदी खेटून, शेजाऱ्याच्या विहिरीच्या अंगाला खणावा. या मे महिन्यात आमच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. कितीही शिट्ट्या केल्या तरी डाळ शिजेना. माड तग धरून आहेत, पण पोफळींना खारे पाणी सोसत नाही. झावळ्यांची टोके करपली आणि शिंपणे चालू ठेवावे तर आपणच आपल्या बागेला मीठ घालतो आहोत असे झाले. तक्रार घेऊन गेलो तेव्हा मालकांच्या माणसाने शांतपणे सुचवले, ‘काका, तुम्हीही बोअर मारा ना, आणखी खोल.’ खोल कुठे, समुद्रात? याला माणसाने काय उत्तर द्यावे?

आता सूचना पुरे झाल्या. अहो, पर्यटक आम्हालाही हवे आहेत. न्याहारी-निवास योजनेत इथल्या कितीतरी घरांनी खोल्या दिल्या, त्यांत पाहुणे राहिले, जेवले आणि पुन्हा पुन्हा आले, पण कोणाची विहीर त्यांनी नासवली नाही. वाडीतल्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असताना वर गच्चीवर तुमचे पाहुणे डुंबत असतात, याची तुम्हाला जराही लाज वाटत नाही? तरणतलाव बंद करा, शोषखड्डा तिथून हलवा, रात्रीचा पंप थांबवा आणि पुढच्या ग्रामसभेला स्वतः या. माणूस पाठवू नका.