कॉफी, १२० व्होल्टची

नणंदबाई न्यू जर्सीला परत जाताना कॉफीमेकर ठेवून गेल्या. "तुम्हाला म्हणून आणलाय हं!" त्याच्या बुडाशी छापलंय : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ९०० वॉट. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. नवऱ्याने लगेच प्रवासातलं अडॅप्टर शोधून आणलं. अडॅप्टर पिनांचा आकार बदलतं, व्होल्टेज नाही. आणि जवळजवळ दुप्पट व्होल्टेज मिळालं की आतलं कॉइल चौपट वीज खातं, हे सांगेपर्यंत त्याचा हात बटणावर होता.

म्हणून काल भर उन्हात लॅमिंग्टन रोड. दुकानदार म्हणाला, "नऊशे वॉटला पंधराशेचा ट्रान्सफॉर्मर घ्या, मॅडम." मी तो उचलायला गेले आणि तिथेच ठेवला. किंमत ऐकून तर चहाच बरा वाटू लागला.

शेजारी टीव्हीच्या रिमोटसाठी एक काका थांबले होते. सफारी, खिशात दोन पेनं.

"ट्रान्सफॉर्मर कशाला? मी वीजखात्यात होतो. नणंदेला सांगा, अजून एक मशीन पाठव."

"अजून एक?"

"दोन्ही सिरीजमध्ये लावायची. दोनशे तीस भागिले दोन. एकशे पंधरा ह्याला, एकशे पंधरा त्याला. खर्च शून्य!"

"पण एक बंद केलं तर?"

"दुसरंही बंद. गणपतीच्या जुन्या माळेसारखं."

"आणि मला एकच कप हवा असला तर?"

काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "पाहुणे येत नाहीत का तुमच्याकडे?"

दुकानदार हसू दाबत रिमोट शोधत होता. मी विचारलं, "वीजखात्यात कुठे होतात?"

"हिशेबात. म्हणून तर भागाकार जमतो."

सगळं दुकान हसलं. माझ्यावरच, हे मला कळत होतं.

त्यात घरी एक छोटा ट्रान्सफॉर्मर आहेच, नऊशे वॉट न पेलणारा! मागच्या खेपेला ताईंनी उशाजवळचं घड्याळ आणलं होतं, त्याच्यासाठी घेतलेला. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आंदोलनं, तशीच राहतात. ते घड्याळ हीच आंदोलनं मोजून चालतं. इथे साठाच्या जागी पन्नास मिळाली, की तासाला दहा मिनिटं मागे. जपानात तर एकाच देशात टोकियोला ५० आणि ओसाकाला ६०. तिथल्या नणंदा काय करत असतील कोण जाणे.

चीड वेगळ्याच गोष्टीची येते. ताईंना इथला मिक्सर हवा होता, तेव्हा फोनवर फोन : "एकशे दहा व्होल्टवालाच घे हं, आपला साधा इथे चालत नाही." म्हणजे व्होल्टेज पाठ आहे, फक्त जाताना! परदेशी पाठवायचा तो खास मिक्सर मिळवायला मी दादर पालथं घातलं, वर बॅगेत वजन होतं म्हणून त्याची दोन भांडी इथेच राहिली. ती ठेवायला माझ्याच फडताळात जागा. आणि आता कॉफीमेकरलाही.

रात्री त्यांचा व्हिडिओ कॉल. "अगं, वापरतेस ना? फोटो पाठव की!"

गॅसवर कॉफी उकळली, त्यांच्या काचेच्या जगमध्ये ओतली आणि फोटो पाठवला.

उत्तर आलं : "बघ, रंगच किती वेगळा येतो! पुढच्या वेळी टोस्टर आणते."