टोमॅटोची चकती पुरा आणि ३० दिवस वाट बघा?

मार्च उजाडला की घरच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. यंदा आत्यानं पाठवला. मजकूर असा: बाजारातला पिकलेला टोमॅटो घ्या, चकत्या करून कुंडीत पुरा, बी विकत घ्यायची गरज नाही. कुंडी दिवसभर कडक उन्हात ठेवा, रोज भरपूर पाणी घाला, अंड्याची टरफलं टाका. ३० दिवसांत टोपलीभर टोमॅटो! खाली आत्यानं विचारलंय, "करू का गं?"

आत्या, करू नकोस. निदान आत्ता नको. दोन वर्षांपूर्वी जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर मी हाच उद्योग करून बसलेय.

आधी खरं काय ते सांगते. चकती उगवते. आठवड्याभरात कोंब दिसले तेव्हा मीही फोटो काढून सगळ्यांना पाठवले होते. पण एका चकतीतून तीस-चाळीस रोपं एकाच जागी, मेथीच्या जुडीसारखी. मुळं एकमेकांत गुंतलेली. वर ओली माती आणि आत कुजणारा गर, त्यामुळे कोंब आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी व्हायला लागली. याला मर म्हणतात. नर्सरीवाले तिला फार घाबरतात. बियाभोवती जो बुळबुळीत गर असतो ना, तो मुळात बी फळातच उगवू नये म्हणून असतो. तो काढायला बी वाटीत दोन दिवस आंबू द्यायचं, चोळून धुवायचं, सावलीत वाळवायचं. एवढं केलं तर बाजारच्या टोमॅटोचं बी चालतं. फक्त बाजारातला माल बहुतेक संकरित असतो, त्याची पुढची पिढी आईबापासारखीच निघेल असं नाही. एक झाड लांबट फळाचं, दुसरं बारक्या गोल फळाचं. हौस म्हणून ठीक. भरवशाचं हवं असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं धनश्री किंवा बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचं अर्का विकास यांसारखं सरळ वाण घ्यावं, त्याचं बी पुढच्या वर्षीसाठी घरीच धरता येतं.

आता ते ३० दिवस. यावर मला खरोखर राग येतो, कारण नवखी माणसं याच आकड्यापायी महिन्याभरात कुंडी उपटून टाकतात. हिशेब साधा आहे. उगवायला ५ ते ८ दिवस. रोप लावण्याजोगं व्हायला पेरल्यापासून २५ ते ३० दिवस. लावल्यावर पहिलं लाल फळ हातात यायला आणखी ६० ते ७० दिवस. म्हणजे तीन महिने, वर थोडे. मेसेजमधली टोपली जेव्हा भरायची, तेव्हा तुझ्या कुंडीत वीतभर रोप असतं, आणि ते अगदी वेळेवर चाललेलं असतं.

मार्चात पेरलेलं हे रोप सोलापुरात फुलावर कधी येतं, ते मोज. एप्रिलअखेर, मे. माझं आलं होतं. पिवळी फुलं भरपूर, झाड हिरवंगार, मी खूश. मग रोज सकाळी कुंडीभोवती फुलं पडलेली दिसायला लागली. उचलून बघितलं तर प्रत्येक फूल देठाच्या मधल्या गाठीपाशीच तुटलेलं, गाठ पिवळी पडलेली, बोट लावलं तरी गळायची. मला वाटलं कीड. कीड कसली, ऊन! दिवसा पारा ३५ च्या वर आणि रात्रीही गारवा नाही, अशात टोमॅटोचे परागकण निकामी होतात. फळ धरत नाही आणि झाड फूल टाकून देतं. आपल्याकडे मे महिन्यात ४० पार होणं ही काय बातमी आहे का! जी तीन फळं कशीबशी धरली, ती लालच होईनात. फार उष्णतेत लाल रंग नीट तयार होत नाही, फळ पिवळट-केशरी राहतं. 'दिवसभर कडक ऊन' हा सल्ला थंड गावात बसून कुणी लिहिला असेल तर असो. आपल्या गच्चीवर उन्हाळ्यात दुपारी हिरवी जाळी बांधावी लागते. हिवाळ्यात मात्र सहा-आठ तास ऊन खुशाल द्यावं.

पाणी आणि टरफलं एकत्रच घेते, कारण त्यांचा संबंध आहे. टोमॅटोचा तळ काळा पडून चामड्यासारखा होतो, त्यावर उपाय म्हणून टरफलं सांगतात. फळाला कॅल्शियम कमी पडतं हे खरं. पण आपली काळी माती मुळात चुनखडीची, तिच्यात कॅल्शियमची काय वानवा! कॅल्शियम झाडात वर चढतं पाण्याबरोबर, आणि आपलं पाणी घालणं असतं लहरी. नळ आला की बदाबदा, पुढचे दोन दिवस कोरडं. टरफलं कुजायला महिनोन्‌महिने लागतात, तोवर झाड संपतं. शिवाय नुसती काळी माती कुंडीत भरली की वाळून कडेनं फट पडते. वरून तांब्याभर ओतलं की पाणी त्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत, मूळ कोरडंच. म्हणून एक भाग माती, एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग कुजलेलं शेणखत. बोटाचं दुसरं पेर आत घालून कोरडं लागलं तरच पाणी, आणि वर वाळक्या पानांचा थर.

तर आत्या, आपलं वेळापत्रक असं. गणपतीच्या सुमारास पेर, बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल नको. आधी दोन लांबट, साध्या कडांची पानं येतील, ती मोजायची नाहीत. त्यानंतर कातरलेली पानं दोन-तीन झाली की रोपं वेगळी कर. दसऱ्याच्या आसपास रंगाच्या २० लिटरच्या बादलीला भोकं पाडून एकेक रोप लाव, आणि खोडाचा खालचा भाग मातीत जाऊ दे, त्या खोडालाच नवी मुळं फुटतात. पानं वर वळून गोळा व्हायला लागली तर पानाखाली पांढरी माशी शोध आणि तसं झाड सरळ उपटून टाक, ही माशी पसरवते तो विषाणूचा रोग बरा होत नाही. फुलं आली की सकाळी फांदीला टिचकी मारत जा, पराग झडून फळ धरतं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आम्ही येऊ तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर तुझ्या गच्चीवरचा टोमॅटो चिरायला घेऊ.

तोवर बियांचं पाकीट कोरड्या डब्यात ठेव. आणि तो मेसेज पुढे पाठवलायस का गं कुणाला?